भूचुंबकत्वाचा उगम : एक उपपत्ती आणि तिची गणकयंत्रावरील परीक्षा

जी वस्तू प्रयोगशाळेत आणता येत नाही, जिच्यापर्यंत हात पोहोचत नाही आणि जिचा इतिहास पुन्हा घडविता येत नाही, तिच्याविषयीची उपपत्ती तपासावयाची कशी, हा प्रश्न अनेक शास्त्रांना समान आहे. भूशास्त्रापुढे तो आहे, खगोलशास्त्रापुढे आहे आणि भाषांच्या पूर्वेतिहासाचा शोध घेणाऱ्यांपुढेही आहे. विसाव्या शतकाच्या मध्यापासून गणकयंत्राने या प्रश्नास एक नवे उत्तर देऊ केले. वस्तू आणता येत नसेल, तर ती ज्या नियमांनी चालते असे आपण मानतो ते नियम समीकरणांत मांडावेत, यंत्राकडून ती समीकरणे सोडवून घ्यावीत, आणि यंत्रात उभे राहिलेले प्रतिरूप मूळ वस्तूसारखे वागते काय ते पाहावे. या पद्धतीचे बळ किती आणि तिची मर्यादा कोठे, हे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या उपपत्तीइतके स्पष्टपणे फार थोड्या ठिकाणी दिसते. म्हणून त्या उपपत्तीचा इतिहास येथे पद्धतीच्या दृष्टीने पाहावयाचा आहे.

प्रश्नाचे स्वरूप

होकायंत्राची सुई उत्तरेकडे का वळते, या प्रश्नाला विल्यम गिल्बर्ट याने १६०० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या लॅटिन ग्रंथात असे उत्तर दिले की, पृथ्वी हाच एक मोठा चुंबक होय. सुईला ओढणारी शक्ती आकाशात नसून पायाखाली आहे, हे या उत्तराने सांगितले. पुढे कार्ल फ्रीडरिख गाउस याने १८३९ च्या सुमारास गणिताने दाखविले की, भूपृष्ठावर मोजल्या जाणाऱ्या क्षेत्राचा जवळजवळ सर्व भाग पृथ्वीच्या अंतर्भागातूनच येतो. चुंबकत्वाचे स्थान अशा रीतीने निश्चित झाले. त्याची उत्पत्ती मात्र अज्ञातच राहिली.

पृथ्वी हा एखाद्या लोहचुंबकासारखा कायमचा चुंबक असावा, ही कल्पना साहजिक असली तरी तिच्या आड तीन गोष्टी येतात. पहिली अशी की, हे क्षेत्र स्थिर नाही. लंडन येथील दिक्पात, म्हणजे सुईची दिशा आणि खरी उत्तर यांतील कोन, सुमारे अर्ध्या शतकात बराच घटला असल्याचे हेन्री गेलिब्रँड याने १६३४ मध्ये पाहिले. घन दगडातील चुंबकत्व अशी चाल करीत नाही. दुसरी गोष्ट उष्णतेची. लोखंड सुमारे ७७० अंश सेल्सिअसला पोहोचले की आपले चुंबकत्व गमावते, आणि पृथ्वीच्या पोटात काही दशक किलोमीटर खोलीवरच तापमान ही मर्यादा ओलांडते. गाभ्यात तर ते हजारो अंश आहे. तिसरी गोष्ट काळाची. गाभ्यात कोणे एके काळी विद्युत्‌प्रवाह सुरू झाले आणि ते अद्याप विरत आहेत असे मानले, तर लोहाच्या विद्युत्‌रोधामुळे ते काही दशसहस्र वर्षांतच नष्ट व्हावयास हवेत. परंतु चुंबकत्वाच्या खुणा सुमारे ३४० कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांतही सापडतात. यावरून एकच निष्कर्ष निघतो : हे क्षेत्र शिल्लक राहिलेले नाही, ते सतत नव्याने निर्माण होत आहे.

लार्मरची कल्पना

ते निर्माण कसे होते, याविषयी जोसेफ लार्मर याने १९१९ साली एक अगदी संक्षिप्त कल्पना मांडली. त्याचे लक्ष मुख्यतः सूर्याकडे होते. कारण १९०८ मध्ये जॉर्ज हेल याने सौरडागांत प्रबळ चुंबकीय क्षेत्रे असल्याचे दाखविले होते. विद्युत्‌वाहक द्रव चुंबकीय क्षेत्रातून वाहू लागला की त्यात प्रवाह उत्पन्न होतो; आणि त्या प्रवाहापासून पुन्हा चुंबकीय क्षेत्र उत्पन्न होते. हे नवे क्षेत्र मूळ क्षेत्राला पोषक ठरले, तर सर्व यंत्रणा स्वतःच्या बळावर चालू राहील. वीजनिर्मिती केंद्रातील डायनामो याच तत्त्वावर चालतो.

तत्त्व समजण्यास एडवर्ड बुलार्ड याने १९५५ मध्ये विवेचिलेली चकती उपयोगी पडते. तांब्याची एक चकती आसावर फिरत आहे आणि आसाच्या दिशेने थोडेसे चुंबकीय क्षेत्र आहे, अशी कल्पना करावी. फिरण्यामुळे चकतीचा मध्य आणि कडा यांत विद्युत्‌दाब निर्माण होतो. कडेला टेकविलेली तार आसाभोवती एक वेढा घेऊन आसालाच जोडली, तर त्या वेढ्यातून प्रवाह वाहतो आणि त्याचे क्षेत्र, वेढ्याची दिशा योग्य असल्यास, मूळ क्षेत्रात भर घालते. चकतीचा वेग एका मर्यादेहून अधिक असेल, तर नाममात्र आरंभीच्या क्षेत्रापासून मोठे क्षेत्र वाढत जाते. येथे शून्यातून काही निर्माण होत नाही. ऊर्जा चकती फिरविणाऱ्याकडून येते. पृथ्वीच्या बाबतीत ती गाभ्याच्या सावकाश निवण्यातून, आणि अंतर्गाभा गोठत असता बाहेर पडणाऱ्या हलक्या मूलद्रव्यांच्या वर चढण्यातून येते.

या उदाहरणात आणखी एक महत्त्वाची गोष्ट दडलेली आहे. क्षेत्राची आणि प्रवाहाची दिशा दोन्ही उलट केल्या तरी चकती तशीच चालते. उत्तर कोणती व दक्षिण कोणती, याविषयी नियमांचा काहीही पक्षपात नाही.

परंतु पृथ्वीच्या गाभ्यात तारा नाहीत, वेढे नाहीत, विलग केलेले मार्ग नाहीत. सुमारे २,८९० किलोमीटर खोलीखाली वितळलेल्या लोहाचा एकजीव साठा आहे आणि त्याच्या मध्यभागी सुमारे १,२२० किलोमीटर त्रिज्येचा घन अंतर्गाभा आहे. या अंतर्गाभ्याचा शोध इंगे लेहमान हिने १९३६ मध्ये लावला. अशा एकजीव द्रवात प्रवाह वाटेल तिकडून वाहू शकतो. तो नेमका पोषक मार्गानेच का वाहावा, हा लार्मरच्या कल्पनेपुढील खरा प्रश्न होता.

निषेधाचे प्रमेय आणि एक प्रतिस्पर्धी उपपत्ती

१९३४ मध्ये थॉमस काउलिंग याने या कल्पनेवर मोठा आघात केला. आसाभोवती पूर्णपणे सममित असलेले क्षेत्र अशा यंत्रणेने टिकविता येत नाही, हे त्याने सिद्ध केले. पृथ्वीचे क्षेत्र बाहेरून पाहता तसे बरेचसे सममित दिसत असल्यामुळे अनेकांनी लार्मरची कल्पनाच निकालात निघाली असे मानले. वस्तुतः काउलिंगने निषेध केला तो केवळ एका सोप्या प्रकाराचा. क्षेत्रात आणि गतीत पुरेशी गुंतागुंत असेल तर काय होईल, याविषयी प्रमेय मौन बाळगते. तथापि गुंतागुंतीचा प्रकार हाताने सोडविणे कोणालाच शक्य नव्हते.

या पोकळीत पॅट्रिक ब्लॅकेट याने १९४७ साली अगदी निराळी उपपत्ती मांडली. चुंबकत्व हा फिरणाऱ्या प्रत्येक प्रचंड वस्तुमानाचा मूलभूत गुणच असावा, असे तिचे सूत्र होते. पृथ्वी, सूर्य आणि एक तारा या तिघांच्या बाबतीत आकडे ढोबळमानाने जुळत होते. तिचे विशेष असे की, ती नाकारण्याची कसोटी तिच्यातच होती. चुंबकत्व सर्व वस्तुमानात विखुरलेले असेल, तर खोल खाणीत उतरल्यावर क्षेत्राचा आडवा घटक घटावा. ते गाभ्यातून येत असेल, तर तो वाढावा. इंग्लंडमधील खाणींत केलेल्या मापनांनी दुसऱ्या पक्षाला दुजोरा दिला. स्वतः ब्लॅकेटने सुमारे १५ किलोग्रॅम वजनाच्या सोन्याच्या दंडगोलापाशी अतिसंवेदनशील चुंबकमापकाने शोध घेतला. अपेक्षित क्षेत्र मिळाले नाही, आणि १९५२ मध्ये त्याने तो नकारात्मक निष्कर्ष प्रसिद्ध केला. उपपत्ती गेली, परंतु तिच्यासाठी घडविलेले उपकरण राहिले. खडकांतील क्षीण चुंबकत्व मोजण्यास ते उपयोगी पडले, आणि दख्खनच्या पाषाणाचे नमुने ज्यांनी प्रथम अभ्यासिले त्यांत ब्लॅकेटच्या प्रेरणेने काम करणाऱ्यांचा समावेश होतो.

पहिले गणन आणि त्याचा धडा

लार्मरची कल्पना पुन्हा उभी करण्याचे श्रेय वॉल्टर एल्सासर आणि बुलार्ड यांस जाते. बुलार्ड १९५० पासून टेडिंग्टन येथील नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीचा संचालक होता आणि तेथे त्या काळातील मोजक्या विद्युत्‌कणी गणकयंत्रांपैकी एक उपलब्ध होते. हार्वे गेलमन याच्यासह त्याने गाभ्यातील द्रवाची एक ठरावीक गती गृहीत धरली आणि ती गती क्षेत्र टिकवू शकते काय, एवढाच मर्यादित प्रश्न यंत्रास विचारला. १९५४ साली प्रसिद्ध झालेले उत्तर होकारार्थी होते.

गणनाची रीत समजून घेणे येथे आवश्यक आहे. गोलातील गुंतागुंतीचे क्षेत्र अनेक साध्या आकृतिबंधांची बेरीज म्हणून लिहिता येते; आरंभी ठळक, मग क्रमाने सूक्ष्म. ही बेरीज अनंत असते, म्हणून ती कोठेतरी तोडावी लागते. आणखी पदे घेतली तरी उत्तर फारसे हलत नसेल, तर ते विश्वसनीय मानतात. बुलार्ड आणि गेलमन यांच्या यंत्राला जेवढी पदे झेपत होती तेवढ्यांत उत्तर स्थिरावत असल्यासारखे दिसले. पुढे अधिक समर्थ यंत्रे आली, आणि १९६९ व १९७० मधील गणनांनी दाखविले की, पदे वाढविली की ते उत्तर स्थिर राहत नाही. त्या विशिष्ट गतीने क्षेत्र टिकत असल्याचा आभास बेरीज लवकर तोडल्यामुळे निर्माण झाला होता. थोड्या शब्दांवरून बसविलेला ध्वनिनियम कोश उघडताच ढासळावा, तसाच हा प्रकार होता.

येथे दोन गोष्टींत भेद करावयास हवा. गणन चुकले म्हणजे उपपत्ती चुकली असे होत नाही. दरम्यान १९५८ मध्ये हर्झेनबर्ग आणि बॅकस यांनी स्वतंत्रपणे, यंत्रावर विसंबून न राहता, एकजीव वाहकातही क्षेत्र टिकविणाऱ्या गती अस्तित्वात असू शकतात हे गणिताने दाखविले होते. न्यूकॅसल येथे लोज आणि विल्किन्सन यांनी १९६३ मध्ये लोहाच्या ठोकळ्यात फिरते लोहदंडगोल बसवून तशी यंत्रणा प्रत्यक्ष चालविली. लार्मरची कल्पना शक्य कोटीतील आहे एवढे यांनी ठरले. पृथ्वीत तसेच घडते, हे ठरावयाचे राहिले.

१९९५ चे प्रतिरूप

वरील सर्व गणनांत द्रवाची गती आधीच ठरवून दिलेली होती. वास्तवात गती, क्षेत्र आणि उष्णता परस्परांना घडवीत असतात : द्रव क्षेत्राला ताणतो आणि पिळतो, बळावलेले क्षेत्र द्रवाच्या गतीला आवर घालते, आणि दोहोंना चालना देतो तो उष्णतेचा व घनतेचा फरक. पृथ्वीच्या परिवलनामुळे वर चढणाऱ्या प्रवाहांना मळसूत्रासारखा पीळ पडतो. तो पीळ हाच काउलिंगच्या निषेधातून सुटण्याचा मार्ग, हे यूजीन पार्कर याने १९५५ मध्येच सुचविले होते.

ही तिन्ही समीकरणे तीन मितींत एकत्र सोडविणारे गणन गॅरी ग्लॅट्झमायर आणि पॉल रॉबर्ट्स यांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केले. प्रतिरूपात चाळीस हजारांहून अधिक वर्षांचा काळ लोटला. क्षेत्र विरून गेले नाही. बाहेरून ते पृथ्वीच्या क्षेत्राप्रमाणे मुख्यतः दोन ध्रुवांचे दिसत होते. आणि सुमारे छत्तीस हजार वर्षांनंतर, कोणीही बाहेरून ढवळाढवळ न करता, हजाराहून थोड्या अधिक वर्षांत त्याच्या ध्रुवांची अदलाबदल झाली. अशी अदलाबदल पृथ्वीच्या इतिहासात अनेकदा झाली असल्याचे खडकांवरून माहीत होतेच. बेर्नार ब्र्यून याने १९०६ मध्ये फ्रान्समधील उलट चुंबकित लाव्हाचे वर्णन केले होते, आणि मोतोनोरी मातुयामा याने १९२९ मध्ये तिचा कालक्रमाशी संबंध जोडला होता. शेवटचा व्युत्क्रम सुमारे ७ लाख ८० हजार वर्षांपूर्वीचा मानतात.

साम्य आणि स्पष्टीकरण

प्रतिरूप मूळ वस्तूसारखे वागले. आता आणखी काय हवे, असे कोणास वाटेल. परंतु नेमक्या या ठिकाणी सावध होणे आवश्यक आहे. गाभ्यातील द्रवलोह जवळजवळ पाण्याइतके पातळ असावे असे मानतात. परिवलनाच्या प्रभावाशी तुलना करता त्याच्या श्यानतेचा, म्हणजे दाटपणाचा, प्रभाव एकावर पंधरा शून्ये मांडून होणाऱ्या संख्येचा एक अंश एवढा अल्प भरतो. इतक्या पातळ द्रवात अतिशय बारीक भोवरे उठतात, आणि ते पकडण्याइतके सूक्ष्म जाळे कोणत्याही गणकयंत्राला झेपत नाही. म्हणून प्रतिरूपातील द्रव मुद्दाम दाट धरावा लागतो. १९९५ च्या गणनात तर बारीक भोवऱ्यांसाठी श्यानता कृत्रिम रीतीने आणखी वाढविलेली होती. प्रतिरूपातील श्यानता वास्तवाहून कोट्यवधी ते अब्जावधी पटींनी अधिक होती, असे म्हणण्यास हरकत नाही. पाण्याची नदी काकवीने भरून पाहावी आणि वळणे तीच पडली म्हणून समाधान मानावे, तशातला हा प्रकार नव्हे काय?

आपल्या भाषेत अनुकृती आणि उपपत्ती हे दोन स्वतंत्र शब्द आहेत, आणि ते स्वतंत्रच राहिले पाहिजेत. अनुकृतीला परिणाम जुळला की पुरे होते. उपपत्तीत परिणाम योग्य कारणांनी जुळावा लागतो. एखाद्या व्याकरणाने भाषेतील सर्व वाक्ये बिनचूक सिद्ध केली, तरी बोलणाऱ्याच्या मनात तीच प्रक्रिया चालते असे त्यावरून ठरत नाही, हे भाषाशास्त्राच्या अभ्यासकास सांगावयास नको.

मग अनुकृतीपासून उपपत्तीकडे जावयाचे कसे? गेल्या काही दशकांतील संशोधनाने तीन मार्ग चोखाळले आहेत. पहिला मार्ग एका प्रतिरूपावर न थांबता शेकडो प्रतिरूपे चालविण्याचा. श्यानता, परिवलन आणि उष्णता ही क्रमाने बदलीत जावे, आणि कोणता परिणाम या बदलांनी हलतो व कोणता हलत नाही ते पाहावे. क्रिस्टेनसेन आणि ओबेर यांनी २००६ मध्ये अशा प्रतिरूपांच्या समूहावरून दाखविले की, क्षेत्राचे बळ मुख्यतः उपलब्ध ऊर्जेच्या प्रमाणावर ठरते. श्यानतेचा त्यावर फारसा परिणाम होत नाही. हाच नियम पुढे २००९ मध्ये वेगाने फिरणाऱ्या लहान ताऱ्यांनाही लावून पाहण्यात आला आणि तो बऱ्याच अंशी जुळला. जो निष्कर्ष द्रव दाट धरला काय नि पातळ धरला काय, बदलत नाही, त्याच्याबाबत काकवीचा आक्षेप पुष्कळसा गळून पडतो.

दुसरा मार्ग प्रयोगाचा. गाभा आणता येत नसला तरी वितळलेले सोडिअम आणता येते. १९९९ च्या अखेरीस रीगा आणि कार्ल्सरूह येथील प्रयोगांत वाहत्या सोडिअमने स्वतःचे क्षेत्र निर्माण केले. परंतु तेथे प्रवाहाला नळ्यांनी आणि भिंतींनी वळण लावलेले होते. फ्रान्समधील कादाराश येथे २००६ मध्ये अधिक मोकळ्या, खळबळणाऱ्या प्रवाहातही क्षेत्र उत्पन्न झाले, आणि ध्रुवांची अदलाबदलही दिसली. मात्र तेथे द्रव घुसळणारी पाती लोखंडाची होती, आणि ती लोखंडाची असणे हेच निर्णायक ठरले. म्हणजे प्रयोगालाही त्याची स्वतःची काकवी आहे.

तिसरा मार्ग भाकिताचा. ग्लॅट्झमायर आणि रॉबर्ट्स यांच्या प्रतिरूपात अंतर्गाभा उरलेल्या पृथ्वीपेक्षा वर्षाला दोनतीन अंश पुढे सरकत होता. १९९६ मध्ये सॉंग आणि रिचर्ड्स यांनी भूकंपलहरींच्या नोंदींवरून तो वर्षाला सुमारे एक अंश पुढे सरकत असल्याचे सांगितले, तेव्हा हे प्रतिरूपाचे मोठे यश वाटले. त्यानंतरच्या अभ्यासांनी तो वेग पुष्कळच कमी ठरविला; अंतर्गाभा काही काळ पुढे आणि काही काळ मागे झुलतो, असेही मत पुढे आले असून वाद मिटलेला नाही. भाकीत शब्दशः टिकले नाही, तरी त्यामुळे प्रतिरूप पारखण्याची एक नवी जागा मिळाली, हा लाभ लहान नाही.

खडकांची आणि वेधशाळांची साक्ष

शेवटचा निवाडा मात्र पृथ्वीने स्वतः ठेवलेल्या नोंदींकडेच जातो, आणि त्यांपैकी दोन महाराष्ट्रात आहेत. कुलाबा येथे १८४१ पासून भूचुंबकीय मापने होत असत. मुंबईत विजेवर चालणाऱ्या ट्राम येऊ घातल्या, तेव्हा त्यांच्या प्रवाहांनी नोंदी दूषित होऊ नयेत म्हणून, नानाभाई मूस यांच्या कारकीर्दीत, १९०४ मध्ये हे काम अलिबागला हलविण्यात आले. अशा दीर्घ आणि अखंड मालिका जगात थोड्याच आहेत. जगभरच्या अशा नोंदी एकत्र केल्या असता दिसते की, पृथ्वीच्या द्विध्रुवी क्षेत्राचे बळ १८४० नंतर सुमारे नऊ टक्क्यांनी घटले आहे. या घटीवरून व्युत्क्रम जवळ आला असे म्हणता येईल काय? प्रतिरूपांत अशा घटी वारंवार येतात आणि बहुतेक वेळा भरूनही निघतात. म्हणून तसे अनुमान करणे उतावळेपणाचे ठरेल.

दुसरी नोंद सह्याद्रीची. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी थरावर थर साचत गेलेल्या लाव्हाने थंड होताना तत्कालीन क्षेत्राची दिशा आपल्यात गोठवून ठेवली. पश्चिम घाटातील पाषाणाचा मोठा भाग आजच्या उलट दिशेने चुंबकित झालेला आहे, आणि महाबळेश्वरच्या परिसरातील वरच्या थरांत ती दिशा पालटून आजच्यासारखी होते. एक पुरा व्युत्क्रम त्या कड्यांत वाचता येतो. उलटपक्षी सुमारे १२ कोटी १० लाख ते ८ कोटी ३० लाख वर्षांपूर्वीच्या दीर्घ काळात व्युत्क्रम जवळजवळ झालेच नाहीत. एका काळी वारंवार पालटणारे क्षेत्र दुसऱ्या काळी कोट्यवधी वर्षे स्थिर का राहते? गाभ्यावरील प्रावरण त्याची उष्णता कोठे जलद व कोठे मंद शोषते, यावर ते अवलंबून असावे, असे प्रतिरूपे सुचवितात. परंतु हे अद्याप अनुमानच आहे.

समारोप

शंभराहून अधिक वर्षांच्या या इतिहासात ब्लॅकेटची उपपत्ती चुकीची ठरली, पण तिने आपल्या पराभवाची अट आधीच सांगितली होती. बुलार्ड आणि गेलमन यांचे गणन यशस्वी वाटले, पण सूक्ष्मतर जाळ्यापुढे ते टिकले नाही. १९९५ चे प्रतिरूप पृथ्वीसारखे दिसले, पण ते ज्या द्रवाचे होते तो पृथ्वीचा द्रव नव्हता. या तिन्ही अनुभवांतून प्रतिरूपणाकडे पाहण्याची एक शिस्त तयार झाली आहे. जाळे बारीक केल्यावर निष्कर्ष टिकतो काय, गृहीत धरलेले आकडे वास्तवाच्या दिशेने सरकविल्यावर तो कोणीकडे झुकतो, आणि प्रतिरूपाने आधी न पाहिलेल्या कोणत्या गोष्टीविषयी धोका पत्करून विधान केले आहे, हे तीन प्रश्न विचारल्याखेरीज गणकयंत्राच्या उत्तरास प्रमाण मानता येत नाही. लार्मरची मूळ कल्पना आज सर्वमान्य आहे. तिचा तपशील मात्र या तीन प्रश्नांच्या कसोटीवर अजून घासला जात आहे. भाषापरिवर्तनाची प्रतिरूपे गणकयंत्रावर उभारू पाहणाऱ्यांनीही याच तीन प्रश्नांपासून आरंभ करणे योग्य होईल.